कुंडली, मोड आणि दरी: विषाणूच्या प्रथिनासाठी मराठी शब्द

प्रश्न इंदूरहून आला आहे. मराठी मंडळाच्या विज्ञान अंकासाठी लॅम्बडा या जिवाणूभक्षी विषाणूच्या ‘क्रो’ प्रथिनावर लेख लिहायचा आहे, आणि त्यातले एक वाक्य असे: ‘क्रो हा डीएनए बांधणारा प्रोटीन असून त्याची कुंडली-मोड-कुंडली रचना डीएनएच्या प्रमुख दरीत बसते.’ हे शब्द चालतील का?

‘कुंडली’ नको. हिंदी पुस्तकात द्विकुंडलित रचना असते, म्हणून इंदुरात हा शब्द सहज तोंडी येतो. पण मराठी वाचकाला कुंडली म्हटले की पत्रिका दिसते. ‘मोड’चेही तेच. ‘पुढच्या मोडावर उतरव’ आपण सगळेच म्हणतो, पण छापील मराठीत मोड मटकीला येतात. हेलिक्ससाठी मळसूत्र हा शब्द आहेच, मळसूत्री जिन्यातला. तेव्हा ‘हेलिक्स-टर्न-हेलिक्स’साठी ‘मळसूत्र-वळण-मळसूत्र’. डीएनएसाठी ‘द्विसर्पिल’ पाठ्यपुस्तकांनी रुळवला आहे, तो राहू द्या. काटेकोर बघितले तर सर्पिल म्हणजे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे पसरत जाणारे वेटोळे. पण ही लढाई आता लढण्यात अर्थ नाही.

‘वळण’ मात्र एकाच गोष्टीसाठी राखून ठेवा. क्रो अवघ्या ६६ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याची रचना ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने १९८१ साली स्फटिकावरून उलगडली: तीन मळसूत्रे (प्रथिनातल्या या प्रकाराला अल्फा मळसूत्र म्हणतात) आणि तीन बीटा पट्ट्या, म्हणजे साखळीचे ताणलेले भाग. साखळीतल्या अमिनो आम्लांना क्रमांक दिले तर दुसरे मळसूत्र १५ ते २३ या जागांचे, तिसरे २७ ते ३६ चे, आणि मधल्या तीन जागा वळणाच्या. २४व्या जागी ग्लायसिन आहे. त्याला बाजूची साखळी नसल्यामुळे प्रथिनाचा कणा, म्हणजे मुख्य साखळी, तिथे एरवी न जमणाऱ्या कोनात वळू शकतो. मोठे अमिनो आम्ल आले तर त्याची साखळी आड येते आणि दोन मळसूत्रांचा आपसातला कोन बिघडतो. हे झाले ‘वळण’. डीएनएचा धागा अक्षाभोवती एकदा फिरतो त्याला ‘वेढा’ म्हणा; सुमारे साडेदहा बेस-जोड्यांचा (बेस म्हणजे डीएनएची अक्षरे ए, टी, जी, सी), ३४ अँग्स्ट्रॉमचा (एक अँग्स्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). दोन्हींना वळण म्हटले की पुढे ‘दोन वळणांतले अंतर’ असे लिहिताना कोणते, ते कुणालाच कळणार नाही.

‘प्रमुख दरी’ दोन्ही अंगांनी चुकते. इंग्रजी ‘मेजर ग्रूव्ह’मधला ‘मेजर’ मानाचा नाही, मापाचा आहे: एक खोबण साधारण २२ अँग्स्ट्रॉम रुंद, दुसरी १२. बाजूच्या साखळ्या धरून अल्फा मळसूत्राची जाडी १२च्या आसपास भरते, म्हणून ते रुंद खोबणीत आरामात उतरते. बेसच्या क्रमाचे वाचनही मुख्यतः तिथेच होते, म्हणून ‘प्रमुख’ म्हटले, असा बचाव करता येईल. तो अगदीच पोकळ नाही: रुंद खोबणीत चारही प्रकारच्या जोड्यांच्या कडा वेगळ्या ओळखू येतात, अरुंद खोबणीत ए-टी आणि टी-ए जवळपास सारख्याच दिसतात. तरी नाव रुंदीवरून पडले आहे. आणि ‘दरी’पेक्षा ‘खोबण’ बरी, कारण खोबणीत काहीतरी नेमके बसायचे असते. ‘खाच’ आखूड वाटते, ‘चर’ खणावा लागतो.

सगळ्यात घातक शब्द ‘बांधणारा’. मराठीत घर बांधतात, गाठोडेही बांधतात. ‘डीएनए बांधणारे प्रथिन’ वाचून कुणी ते डीएनए तयार करते असे समजले, तर चूक वाचकाची नाही. ते काम पॉलिमरेजचे. ‘डीएनएला जुडते’ हे तर सरळ हिंदी. इथे मराठीकडे दोन क्रियापदे आहेत आणि दोन्ही लागतात. प्रथिनाचे धनभारित भाग डीएनएच्या बाहेरच्या, फॉस्फेटच्या कण्याला धरतात, त्यात बेसचा क्रम कोणता याला फारसे महत्त्व नसते: तिथे ‘चिकटते’. तिसऱ्या मळसूत्रावरची २७, २८, ३१, ३२ या जागांची अमिनो आम्ले बेसच्या कडा चाचपतात. २७व्या जागेचे ग्लुटामिन हे अमिनो आम्ल अॅडेनिन (ए) या बेसशी हायड्रोजन बंध करते. तिथे ‘जुळते’.

क्रो एकटे बसत नाही, जोडीने बसते. ‘डायमर’साठी शब्द ‘द्विवारिक’ आहे, पण सामान्य वाचकांच्या अंकात ‘जोडी’ पुरे. जोडीतली दोन तिसरी मळसूत्रे एकमेकांपासून सुमारे ३४ अँग्स्ट्रॉमवर असतात, म्हणजे बरोबर एक वेढा. म्हणून दोन्ही डीएनएच्या एकाच बाजूने, रुंद खोबणीच्या लागोपाठच्या दोन वेढ्यांत उतरतात आणि १७ बेस-जोड्यांचे लक्ष्यस्थान व्यापतात.

वाक्य असे करा: ‘क्रो हे डीएनएवर जोडीने बसणारे प्रथिन आहे, त्याच्या मळसूत्र-वळण-मळसूत्र रचनेतले दुसरे मळसूत्र डीएनएच्या रुंद खोबणीत बसते.’ इथे ‘दुसरे’ म्हणजे त्या रचनेतले दुसरे, पूर्ण प्रथिनातले तिसरे. क्रमांकांची ही गल्लत बऱ्याच लेखांत होते, तेव्हा कंसात ‘प्रथिनातील तिसरे’ एवढे टाकाच. आणि ‘प्रोटीन असतो’ नाही. प्रथिन नपुंसकलिंगी, मळसूत्रही, खोबण स्त्रीलिंगी.