वाचकांचे प्रश्न : सूक्ष्मदर्शकात काहीच दिसत नाही

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यातील विद्यार्थिनी आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षे लातूरला राहून 'नीट'ची तयारी केली. त्या काळात प्रयोगशाळेत चार-पाच वेळाच गेले असेन. गुण कमी पडले म्हणून यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला असून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय आहेत. थिअरी जड जात नाही, कारण बरेचसे पाठ आहे. प्रॅक्टिकलला मात्र सूक्ष्मदर्शकात मला काहीच दिसत नाही. शेजारच्या मुली 'दिसलं' म्हणतात, मग मीही म्हणते. जर्नल वरच्या वर्गातील ताईच्या जर्नलवरून उतरवते. तोंडी परीक्षेत इंग्रजी नावे विचारली की काही सुचत नाही. शिवाय गावाकडची शेवटची एस.टी. साडेचारला असल्याने प्रॅक्टिकल अर्धे सोडून निघावे लागते. मी काय करावे?

उत्तर : 'शेजारच्या मुली दिसलं म्हणतात, मग मीही म्हणते' हे तुमचे वाक्य मी दोन-तीनदा वाचले, कारण पहिल्या वर्षाला असताना मीही नेमके हेच केले होते. पानाच्या सालीची स्लाइड होती आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, पाहायची होती. मला जाड काळ्या कडेचे, मध्ये चकाकणारे एक सुरेख वर्तुळ दिसले. मी ते अर्धा तास खपून काढले, त्याला 'पर्णरंध्र' असे नाव दिले आणि सरांपुढे जर्नल ठेवले. तो कव्हर स्लिपखाली, म्हणजे स्लाइडवर ठेवायच्या पातळ काचेखाली, अडकलेला हवेचा बुडबुडा होता. सर रागावले नाहीत. पण 'आकृती उत्तम आहे, बुडबुड्याची आहे' एवढेच म्हणाले आणि सारी बॅच हसली. आज वाटते की त्या दिवशी मी निदान समोर दिसले ते तरी काढले होते. त्यानंतरच्या महिन्यात मैत्रिणीच्या जर्नलवरून ज्या निर्दोष आकृत्या उतरविल्या, त्यांतली एकही मला आठवत नाही.

तुमची अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे. दोन वर्षे तुम्ही ज्या प्रश्नांशी झुंजलात त्यांच्याखाली चार पर्याय छापलेले असत आणि त्यांतला एक बरोबर असे. स्लाइडखाली पर्याय नसतात. तेथे धूळ असते, रंगाचे डाग असतात, फाटलेल्या पेशी असतात, आणि या पसाऱ्यातून आपल्याला हवे ते डोळ्यांनी वेचून काढावे लागते. हे काम पुस्तक पाठ असल्याने सोपे होते, पण आपोआप होत नाही.

आता प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाकडे वळू. काही दिसत नाही असे सांगणाऱ्या दहापैकी आठ विद्यार्थ्यांची चूक प्रकाशात असते, असा माझा अनुभव आहे. महाविद्यालयांत अजूनही आरशाचे सूक्ष्मदर्शक पुष्कळ आहेत, आणि वीज केव्हाही जाणाऱ्या आपल्या भागात ते एका परीने सोयीचेच आहेत. अशा यंत्राला खिडकीचा पसरलेला उजेड लागतो, शक्यतो उत्तरेकडचा. थेट ऊन आरशावर घेऊ नये, त्याने डोळ्याला इजा होते. कंडेन्सर (स्लाइडखालचे, उजेड एकवटणारे भिंग) असेल तर आरशाची सपाट बाजू वापरावी, नसेल तर अंतर्गोल. त्यानंतर कंडेन्सरखालचा डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, पाहावा. जास्त उजेड म्हणजे जास्त स्पष्ट, असे समजून विद्यार्थी तो पूर्ण उघडा ठेवतात. रंग न दिलेली पेशी बहुतांशी पारदर्शक असते आणि भगभगीत उजेडात ती पांढऱ्यावर पांढरी होऊन नाहीशी होते. डायफ्रॅम हळूहळू बंद करीत गेले की पेशीभित्तिकेच्या रेषा उमटू लागतात.

सुरुवात नेहमी लहान, म्हणजे १० पटीच्या भिंगाने करावी. नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, १० पटीची असल्यास वस्तू १०० पट मोठी दिसते, आणि प्रथम तेवढे पुरे असते. बाजूने पाहत भिंग स्लाइडच्या जवळ आणावे, मग नेत्रिकेला डोळा लावून मोठ्या स्क्रूने ते दूर नेत प्रतिमा शोधावी. याच्या उलट केले की स्लाइड फुटते आणि लॅब अटेंडंट काकांची बोलणी खावी लागतात. प्रतिमा स्पष्ट झाल्यावरच ४५ पटीचे भिंग फिरवावे आणि तेथून पुढे फक्त लहान स्क्रूला हात लावावा. दुसरा डोळा मिटू नये. आठवडाभरात सवय होते आणि डोके दुखणे थांबते. बुडबुडा टाळायचा असेल तर कव्हर स्लिप वरून टाकू नये. तिची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवावी आणि दुसरी बाजू सुईच्या आधाराने सावकाश खाली आणावी. तरीही शंका आली, तर सुईने कव्हर स्लिप किंचित दाबून पाहावी. बुडबुडा सरकतो किंवा आकार बदलतो, पेशी आपल्या शेजारणींना धरून राहते.

पहिल्या वर्षी जवळपास सगळीकडे असणारा कांद्याच्या मूलाग्रात, म्हणजे मुळाच्या टोकात, पेशीविभाजन पाहण्याचा प्रयोग मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण उतरविलेले जर्नल सर्वांत आधी येथेच उघडे पडते. कांद्याची मुळे पाण्यावर वाढवून सकाळी कापतात, अ‍ॅसेटिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात ठेवतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने मऊ करतात आणि अ‍ॅसिटोकारमाइनने रंगवितात. (हे कारमाइन निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल या किड्यापासून मिळते. आपली लाली त्या किड्याने कांद्याला उसनी द्यावी आणि त्यामुळे आपल्याला गुणसूत्रे, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे, दिसावीत, याचे मला अजूनही नवल वाटते.) येथे बहुतेकांची चूक एकच होते : ते मुळाचा लांबलचक तुकडा स्लाइडवर घेतात. पेशींचे विभाजन टोकाच्या अगदी जवळ, दोनएक मिलिमीटरच्या भागात चालते. त्याच्या वर पेशी फक्त लांब होत जातात, तेथे तासभर शोधले तरी काही सापडत नाही. म्हणून गडद रंगलेले टोक तेवढे ठेवावे, बाकीचे टाकून द्यावे, टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबावे आणि दाबताना अंगठा सरकू देऊ नये.

एवढे सारे नीट जमले तरी बहुतेक पेशी तुम्हाला विश्रांतीत असल्यासारख्या, गोल केंद्रकाच्या दिसतील. एखादीत सुताचा गुंता असेल, एखादीत मध्यावर रांग लागलेली असेल. ताईच्या जर्नलमध्ये मात्र विभाजनाच्या चारही अवस्था शेजारी-शेजारी, एकाच आकाराच्या, शाळेच्या रांगेसारख्या उभ्या असणार. तशा त्या कुणालाही दिसलेल्या नसतात. त्या पुस्तकातून आलेल्या असतात. तुम्ही शंभर पेशी मोजा. त्यांपैकी समजा आठ विभाजनात असतील, तर आठ लिहा आणि त्या आठांपैकी कोणती अवस्था किती वेळा दिसली तेही लिहा. पश्चावस्था (गुणसूत्रे पेशीच्या दोन टोकांकडे ओढली जातात ती अवस्था) सापडलीच नाही, तर 'आढळली नाही' असे लिहा. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक शेकडो जर्नल्स चाळतात. एकाच साच्यातल्या आकृत्यांनी ते कंटाळलेले असतात, आणि 'आढळली नाही' या दोन शब्दांपाशी त्यांचा हात थांबतो. मी परीक्षक म्हणून गेले असता माझाही थांबत असे. अशा मुलीला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तिला त्याचे उत्तर देता येते, कारण ते तिने पाहिलेले असते. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात हे वाक्य पुस्तकात आहे. त्या तुमच्या दाबलेल्या पेशीत का मोजता आली नाहीत, हे तुम्हालाच सांगता येईल.

इंग्रजी नावांची भीती मराठीतून आलेल्या मुलांना फार असते, आणि ती घालविण्याचा मार्गही मराठीतच आहे. मायटोसिस हा शब्द 'मायटॉस', म्हणजे धागा, या ग्रीक शब्दावरून आला. आपण त्यालाच समसूत्री विभाजन म्हणतो, आणि सूत्र म्हणजे धागाच. क्रोमोसोम, म्हणजेच गुणसूत्र, याचा मूळ अर्थ रंगणारी वस्तू. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला रंगसूत्र असेच म्हणत. स्टोमा म्हणजे तोंड, आणि पर्णरंध्राखेरीज दुसरे कोणते नाव त्याला शोभले असते? एका वहीत इंग्रजी नाव, त्याचा मूळ अर्थ आणि मराठी शब्द असे शेजारी-शेजारी लिहीत जा, आणि मुख्य म्हणजे रोज दहा नावे मोठ्याने उच्चारा. तोंडी परीक्षेत अडते ती बहुधा जीभ, कारण तो शब्द तिने आधी कधी उच्चारलेलाच नसतो. उत्तर सुचले आणि इंग्रजी वाक्य जुळले नाही, तर मराठीत सांगण्याची परवानगी मागा. मी पाहिलेल्या बहुतेक परीक्षकांनी ती दिली आहे.

एस.टी.चा प्रश्न मात्र वहीने सुटणारा नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकलचे एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे सत्रातले ३० तास, आणि दोन श्रेयांकांच्या प्रॅक्टिकलला आठवड्याचे चार तास लागतात. दर वेळी शेवटचा अर्धा-पाऊण तास सोडला, तर निरीक्षण आणि चर्चा नेमकी हुकते, कारण आधीचा वेळ स्लाइड तयार करण्यातच गेलेला असतो. बॅच पाडल्या जातात तेव्हाच विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, त्याला बसच्या वेळापत्रकाची प्रत जोडा आणि सकाळची बॅच मागा. तुमच्या मार्गावरच्या आणखी चार मुली असतील तर अर्ज एकत्र करा. सत्र निम्मे झाल्यावर हे जमत नाही.

शेवटी, तुमच्या शेताचा उपयोग करून घ्या. महाविद्यालयात स्लाइड जपून वापरावी लागते, शेतात ज्वारी आणि तूर लागेल तेवढी आहे. दोन्हींच्या पानांची साल काढून आणा. तुरीच्या पर्णरंध्राच्या रक्षक पेशी, म्हणजे छिद्राच्या दोन बाजूंच्या पेशी, घेवड्याच्या दाण्यासारख्या दिसतील, ज्वारीच्या मात्र दोन्ही टोकांना फुगलेल्या, व्यायामशाळेतल्या डंबेलसारख्या. ज्वारीचे पान गाजराच्या चिरेत धरून ब्लेडने पातळ आडवे छेद घेतलेत, तर शिरांभोवती हिरव्या पेशींची कडी दिसतील. कडक उन्हात ज्वारी तग धरते त्यात या रचनेचा वाटा आहे. सोयाबीन उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी रंग असेल तर तेथे जीवाणू हवेतला नत्र बांधीत आहेत. गाठ आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली, तर तेही वहीत तारखेसह टिपून ठेवा.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील शेतकरी आहे. आमचे घर माळकरी. मुलीने जीवशास्त्र घेतले आहे. तिला बेडूक, झुरळ कापावे लागेल काय? तसे असेल तर विषय बदलावा, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे.

उत्तर : विषय बदलू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०१४ साली पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्रात ते थांबविण्यास सांगितले. आमच्या वेळी मेणाच्या थाळीत बेडूक टाचण्यांनी ताणून बसवावा लागे. आता त्या जागी प्रतिकृती, तक्ते आणि संगणकावरची चित्रे आली आहेत. त्यामुळे शिक्षण अर्धवट राहते, असे म्हणणारे अध्यापक आहेत. पहिल्या वर्षापुरते तरी मला ते पटत नाही. फॉर्मालिनच्या बरण्यांतले जुने नमुने मुलीला पाहावे लागतील, पण त्यांतले बरेच तिच्या जन्माआधीचे असतील. फॉर्मालिनचा वास डोळ्यांना झोंबतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायला तिला सांगा. रक्तगट तपासण्याच्या प्रयोगात बोटाला टोचतात. तेथे प्रत्येकीसाठी नवी, बंद पाकिटातली सुई वापरली जाते ना, एवढे तिने न लाजता पाहावे.

प्रश्न : मुलासाठी घरी सूक्ष्मदर्शक विकत घ्यावा काय? (एक पालक, जालना)

उत्तर : नको. खेळण्याच्या दुकानातला स्वस्त सूक्ष्मदर्शक निराशा करतो आणि चांगला परवडत नाही. त्याऐवजी १० पटीचे हातभिंग, एक चिमटा, दोन सुया, बारीक ब्रश, ब्लेडचे पाकीट आणि एचबी पेन्सिल एवढे घेऊन द्या. आकृतीत छटा देण्याची सवय असेल, तर ती आधी मोडावी लागेल. जीवशास्त्राच्या आकृतीत स्वच्छ रेषा, फार तर ठिपके चालतात, आणि किती पटीने पाहिले ते खाली लिहावे लागते. ब्लेड वापरल्यावर वहीत ठेवू देऊ नका, जुन्या काड्यापेटीत ठेवायला सांगा.