‘आधी आपल्यातच बोलू या’ असं सांगितलं जातं तेव्हा

‘संस्थेतली गोष्ट संस्थेतच मिटवावी की बाहेर जावं? बाहेर गेलो तर ती श्रद्धेशी प्रतारणा होईल का?’ धार्मिक संस्थेत आपल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलेले पालक बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात. मूल खरं बोलतंय याबद्दल त्यांना शंका नसते, पण पुढचं पाऊल कोणत्या दिशेला टाकायचं तिथे ते अडलेले असतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. तेरा वर्षांच्या मुलाची आई आली होती. घरातली तिसरी पिढी त्याच संस्थेत वाढत होती. तिथे मुलांना धर्मशिक्षण देणारा एक ज्येष्ठ सेवक वर्ग सुटल्यावर या मुलाला थांबवून घ्यायचा आणि त्याच्यावर अत्याचार करायचा. बरेच महिने हे चाललं. मुलाने आईला सांगितलं आणि आईने त्याच क्षणी त्याच्यावर विश्वास ठेवला. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती त्यांना पहिल्याच भेटीत बोलून दाखवली.

त्या थेट संस्थाप्रमुखांकडे गेल्या होत्या. प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचे डोळेही भरून आले. ‘आमच्याकडे आलात हे बरं केलंत. आता आमच्यावर सोपवा, बाहेर कुठे बोलू नका,’ असं ते म्हणाले. मग तीन ज्येष्ठांची समिती बसली. मुलाला त्या सेवकासमोरच बसवून विचारलं गेलं, ‘हे कोणी पाहिलं का?’ सेवकाने रडत माफी मागितली. त्याला प्रायश्चित्त देऊन दुसऱ्या शाखेत पाठवलं. मुलांचे वर्ग तिथेही भरत होते. आईला निरोप आला: विषय संपला आहे, मनात राग ठेवू नका, क्षमा करा.

‘मॅडम, ही माणसं वाईट नाहीत हो,’ त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ‘माझे सासरे आजारी होते तेव्हा रात्र रात्र जागली आहेत आमच्यासाठी.’

मी ते खोडून काढलं नाही, कारण ते खरं होतं. मी त्यांना एवढंच विचारलं, की समितीच्या बैठकीत कशाकशावर बोलणं झालं? त्या आठवून आठवून सांगू लागल्या. सेवकाचं पुढे काय करायचं. देणगीदारांना कळलं तर काय. त्याच्या बायकोचं कसं होईल. मुलाला झोप लागते का, तो शाळेत जातो का, त्या वर्गातल्या बाकीच्या मुलांशी कोणी बोललं का, हे एकानेही विचारलं नव्हतं. हे सांगता सांगता त्या गप्प झाल्या.

असं फक्त आपल्याच संस्थेत घडलं, असं त्यांना वाटत होतं. म्हणून बाहेरच्या चौकशांबद्दल मी त्यांना सांगितलं. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या कॅथलिक धर्मप्रांताची चौकशी झाली. २००९च्या त्या अहवालाने म्हटलं, की अनेक वर्षं तिथल्या वरिष्ठांचा भर गुप्तता राखणं, बोभाटा टाळणं, चर्चचं नाव आणि मालमत्ता जपणं यांवर होता. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१५ मध्ये ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाच्या फायली तपासल्या. १९५० पासूनच्या त्या फायलींत १,००६ आरोपींची नोंद होती आणि त्यांतल्या एकाचीही माहिती पंथाने स्वतःहून पोलिसांना दिलेली नव्हती. गुन्ह्याची कबुली नसेल तर दोन साक्षीदार हवेत, असा त्या पंथाचा अंतर्गत नियम. असला अत्याचार दोन साक्षीदारांसमोर कोण करतं? अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्ट या चर्चच्या मोठ्या संघटनेच्या कार्यालयात आरोप झालेल्यांची सातशेहून जास्त नावांची यादी वर्षानुवर्षं ठेवलेली होती. ती २०२२ मध्ये लोकांसमोर आली. यादी करणाऱ्यांना धोका कळत होता, आणि तरीही चर्चमधल्या लोकांना सावध केलं गेलं नव्हतं.

देश वेगळे, उपासना वेगळ्या, पण तीच शांत बसण्याची विनंती, तीच बदली, तोच क्षमेचा आग्रह. त्या आईने हे ऐकून विचारलं, ‘म्हणजे मी एकटी नाही?’

क्षमेबद्दल मला इथे जरा जास्त बोलायचं आहे, कारण श्रद्धाळू घरांत सगळ्यात खोल जखम त्या आग्रहानेच होते. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे ज्याला दुखापत झाली त्याने ठरवायचं. ठरावीक दिवसांत क्षमा करा असं संस्थेने सांगणं म्हणजे तोंड बंद ठेवा असं सांगणंच आहे. आणि समजा, मुलाने खरोखर क्षमा केली, तरी त्या माणसाला पुन्हा मुलांमध्ये सोडता येत नाही. मनातला राग विझणं वेगळं आणि इतर मुलांचं रक्षण करणं वेगळं. मूल तर स्वतःलाच पापी समजू लागतं. या मुलाने मला विचारलं होतं, ‘मला अजून राग येतो, म्हणजे मीपण वाईट आहे का?’ त्याला ‘नाही’ म्हणताना माझा आवाज स्थिर राहिला नाही.

माझ्यावरही एक बंधन होतं आणि ते मी आईपासून लपवलं नाही. समुपदेशनातली गुप्तता मुलावरच्या अत्याचाराच्या माहितीला लागू होत नाही. ही माहिती पोलिसांपर्यंत पोहोचवणं अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. भारतातल्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) ज्याला माहिती आहे त्या प्रत्येकावर ही जबाबदारी येते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अंतर्गत समितीने चौकशी केली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. हे ऐकल्यावर त्यांच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं वाटलं. ‘मग मी कोणाचा विश्वासघात करत नाहीये,’ त्या म्हणाल्या.

तक्रार नोंदवण्याआधी मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तो आपणहून जे बोलला ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा, समितीचे निरोप आणि संदेश पुसू नका, असं मी त्यांना सांगितलं. मुलालाही आधी कल्पना दिली. आता काय होईल, कोण प्रश्न विचारेल, आई सोबत असेल का. मुलांना अंधारात ठेवून केलेली मदत त्यांना पुन्हा तसंच असहाय करते.

ज्यांचं मूल गप्प आहे, किंवा ज्यांच्यावर स्वतःवर लहानपणी असं काही घडलं, त्यांनी ‘इतक्या उशिरा कोण ऐकणार’ म्हणून थांबू नये. त्याच ऑस्ट्रेलियन आयोगापुढे खासगीत बोललेल्यांना पहिल्यांदा तोंड उघडायला सरासरी सुमारे २४ वर्षं लागली होती. उशिरा सांगितलं म्हणजे खोटं सांगितलं, असा अर्थ काढू नका.

पोलीस तक्रार झाल्यावर संस्थेतल्या काही घरांनी या कुटुंबाशी बोलणं तोडलं. त्याचं दुःख मोठं होतं, आणि समुपदेशनातला बराच वेळ त्यावरच गेला. प्रार्थना त्यांनी सोडली नाही, ती आता घरीच करतात. खटला चालू आहे. संस्थेने अखेर बाहेरच्या व्यक्ती घेऊन नवी समिती नेमली आहे आणि त्या सेवकाला सगळ्या शाखांतून दूर केलं आहे. आईने समितीला एक पत्र लिहिलं आहे. या सेवकाबद्दल याआधी कोणी काही सांगितलं होतं का, सांगितलं असेल तर कोणाला, आणि ते कुठे लिहून ठेवलं आहे, एवढंच त्यात विचारलं आहे. उत्तर लेखी हवं, असंही खाली लिहिलं आहे.