ब्रेक लावल्यावर वीज तारेत परत जाते का?

प्रश्न : मी रोज लोकलने मुंबईला जातो. ब्रेक लावताना गाडी वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत परत सोडते, असे एक सहप्रवासी सांगत होते. हे खरे आहे का? आणि खरे असेल, तर गाडी आपल्याच विजेवर का धावत नाही? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सहप्रवाशांचे म्हणणे बरोबर आहे. २००७ पासून मुंबईत धावू लागलेल्या थ्री-फेज मोटारींच्या गाड्यांमध्ये ही सोय आहे. मोटारीतील चुंबकीय क्षेत्र रोटरपेक्षा, म्हणजे मोटारीच्या आतल्या फिरत्या भागापेक्षा, किंचित वेगाने फिरवले की ते चाकांना ओढते. तेच क्षेत्र रोटरपेक्षा सावकाश फिरवले की चाके मोटारीला ओढू लागतात, मोटारीचे जनित्र होते आणि वीज पँटोग्राफमार्गे, म्हणजे टपावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, तारेत जाते. स्थानक जवळ येताना डब्याखालून उतरत्या सुरात जी शीळ ऐकू येते, ती याच वेळची. जुन्या गाड्यांत हीच ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जाई, आणि जळका वास तेवढा प्रवाशांच्या वाट्याला येई.

ऊर्जा किती, याचा अंदाज बांधता येतो. भरलेल्या गाडीचे वजन ६०० टन आणि वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर तिच्यात सुमारे ३३ युनिट विजेइतकी गतिज ऊर्जा असते. ७५ वॉटचा पंखा त्यावर अठरा दिवस अखंड चालेल, आणि एवढी ऊर्जा दर थांब्याला मोडावी लागते!

मात्र ती सगळी परत मिळत नाही. हवेचा अवरोध, चाकांचे घर्षण, मोटार आणि कन्व्हर्टर (विजेचे रूप बदलणारे उपकरण) यांमधील घट यांत काही भाग जातो, आणि अगदी कमी वेगाला ही पद्धत निरुपयोगी ठरत असल्याने शेवटी यांत्रिक ब्रेकच लावावा लागतो. त्यामुळे गाडी आपल्याच विजेवर धावणे शक्य नाही. तरीही विजेची बचत ३० टक्क्यांच्या घरात जाते. याच बचतीच्या आधारे दिल्ली मेट्रोने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिटसाठी (कार्बन उत्सर्जन टाळल्याबद्दल मिळणाऱ्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी) नोंदणी केली होती.

मुंबईत एक जुनी अडचण होती. १९२५ मध्ये व्हीटी–कुर्ला मार्गावर वीज आली ती १५०० व्होल्ट डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. अशा जाळ्यात उपकेंद्रातील रेक्टिफायर (एसीची डीसी करणारी उपकरणे) वीज एकाच दिशेने जाऊ देतात. म्हणून ब्रेकची वीज घ्यायला जवळपास दुसरी धावती गाडी हवी. सकाळच्या गर्दीत गिऱ्हाईक मिळते, पण मध्यरात्रीच्या शेवटच्या लोकलने ती वीज द्यायची कोणाला? पश्चिम मार्गावर २०१२ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी वीज, आल्यानंतर ही अट उरली नाही, कारण जवळ गाडी नसली तरी ही वीज ट्रान्सफॉर्मरमधून मागे ग्रिडपर्यंत, म्हणजे मुख्य वीजजाळ्यापर्यंत, जाऊ शकते.