कोर्टाची फी वाढवावी का? खिडकीच्या आतून पाहिलेलं सांगतो

तुमचा प्रश्न असा की दावा दाखल करायची आणि नकलांची फी कित्येक वर्षं तीच आहे, कागद महागला, पगार वाढले, कॉम्प्युटर आले, मग कोर्टाची पायरी चढणाऱ्यानेच थोडे जास्त दिले तर बिघडलं कुठे. मी नोकरीतली बरीच वर्षं आधी फायलिंगच्या खिडकीमागे आणि नंतर नक्कल विभागात काढलीत, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

पहिलं म्हणजे या दोन फी एकत्र मोजू नका. नकलेची फी म्हणजे झालेल्या कामाचा मोबदला, कोणीतरी फाईल शोधली, झेरॉक्स काढली, ताडून पाहिली, सही-शिक्का केला. ती खर्चाच्या हिशोबाने वाढली तर माझी फारशी तक्रार नाही. दाव्याची फी म्हणजे दारातच घेतलेले पैसे, आणि ते नसतील तर माणूस आतच येत नाही, त्याचं म्हणणं खरं होतं की खोटं हे कुणाला कळतच नाही.

पण नकलेचंही इतकं सोपं नाही बरं का. एक आजोबा अजून आठवतात. निकाल विरोधात गेलेला, अपील करायचं होतं, निकालपत्र चाळीसेक पानांचं आणि फी पानामागे. त्यांनी खिडकीशी उभं राहून दोनदा हिशोब केला आणि म्हणाले शेवटची चार पानं द्या, हुकूम तिथेच आहे ना. मी समजावलं की अपिलाला अख्ख्या निकालाची नक्कल लागते, पण हातात तेवढेच पैसे होते. अपील त्रुटी काढून परत आलं, मग पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि इकडे मुदत संपत आलेली. दर ठरवणाऱ्याला ती रक्कम किरकोळच वाटली असणार. माझ्याने त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मोठं उदाहरण. ब्रिटनमध्ये नोकरीचे वाद ऐकणाऱ्या ट्रायब्युनलला आधी फी नव्हती, जुलै 2013 पासून लावली, साध्या दाव्याला सुनावणीपर्यंत 390 पौंड आणि अन्यायाने काढून टाकल्याच्या किंवा भेदभावाच्या दाव्याला 1200. दावे साधारण दोन तृतीयांशाने घटले. फी माफीची सोय होती, तरीही घटले. आता बघा, एखाद्याचा थकलेला पगारच दोनतीनशे पौंड असेल तर तो 390 भरेल कशाला? जुलै 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती सगळी फी बेकायदा ठरवली आणि भरलेले पैसे परत करावे लागले. त्या निकालातला मला सगळ्यात पटलेला मुद्दा असा की कोर्टाचा फायदा फक्त दावा करणाऱ्याला होत नाही, जो मालक वेळेवर पगार देतो तो कोर्ट आहे हे माहीत असतं म्हणूनही देतो, म्हणजे कधीच कोर्टात न गेलेल्यालाही कोर्टाचा उपयोग होतोच. मग सगळा खर्च एकट्या दावेदाराच्या डोक्यावर का?

फ्रान्सनेही 2011 मध्ये दाव्यामागे 35 युरो लावून पाहिले, 2014 उजाडताच काढून टाकले.

आणि पैसे जातात कुठे ते विचाराच. अमेरिकेत फेडरल कोर्टांची कागदपत्रं ऑनलाइन बघायला पानाला 10 सेंट लागतात, ते पैसे कायद्यात बसत नाहीत अशा कामांवरही खर्च झाले असं कोर्टानेच 2018 मध्ये म्हटलं, 2020 मध्ये अपिलातही तेच टिकलं आणि शेवटी साडेबारा कोटी डॉलरवर तडजोड झाली. पीडीएफला पानामागे फी हे मला आजवर कळलेलं नाही, पान चौथं असो की चाळिसावं, कॉम्प्युटरला काय फरक पडतो?

माझं मत विचाराल तर कागदी नकलेचा दर खर्चाइतका करा, ईमेलने दिली तर जवळजवळ फुकट द्या, मोठ्या व्यापारी दाव्यांची फी वाढवायची तर खुशाल वाढवा, पण पोटगी, थकलेला पगार, घरातली मारहाण यांना हात लावू नका. फी माफीचा फॉर्म खिडकीवर, समोर, एका पानाचा हवा. उत्पन्नाचा दाखला आणायला माणसाचे चार दिवस मोडले तर त्या माफीचा उपयोग काय.

वाढीवर हरकती मागवल्या असतील तर नुसतं विरोध आहे असं लिहू नका. मागच्या वर्षी फी माफीचे अर्ज किती आले आणि किती फेटाळले, फी कमी भरली म्हणून किती दावे परत गेले, आणि नक्कल मिळायला सरासरी किती दिवस लागतात, हे तीन आकडे लेखी मागा. रजिस्टरमध्ये हे सगळं असतं, मी स्वतः भरलेलं आहे.