इम्प्लांट डेंटिस्ट्रीच्या बोर्ड सर्टिफिकेशनसाठी अर्ज करायचा आहे, तयारी कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत आठ वर्षं जनरल प्रॅक्टिस झाली, शंभरावर इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायची दाताची कृत्रिम मुळं) बसवून झाले, आता बोर्डाला अर्ज करायचा आहे. फॉर्म भरण्याआधी काय हाताशी हवं, आणि पास झाल्यावर स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घेता येतं का?

मी याच वाटेनं गेलो आहे, तेही जनरल डेंटिस्ट म्हणूनच. अर्ज करायचं मनात आल्यापासून तो पाठवेपर्यंत माझी दोन वर्षं गेली. त्यातला बराच काळ वाचला असता, पण एक गोष्ट मला उशिरा उमगली. अर्जाचा खरा ऐवज म्हणजे तुमच्या केसेस. केसचं रेकॉर्ड ज्या दिवशी व्हायला हवं त्या दिवशी झालं नाही, तर पुढे कितीही पैसे आणि वेळ घातला तरी ते परत मिळत नाही. म्हणून परीक्षेचा अभ्यास नंतर सुरू केलात तरी चालेल, पण रेकॉर्डची शिस्त उद्याच्या पेशंटपासून लावा.

आधी स्पेशालिस्टचा मुद्दा संपवतो, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या यादीत आज १२ स्पेशालिटी आहेत. ऑर्थो (दात सरळ करणं), पेरिओ (हिरड्या), ओरल सर्जरी, प्रोस्थो (कृत्रिम दात) वगैरे त्यात आहेत, इम्प्लांट डेंटिस्ट्री नाही. तरीही अमेरिकन बोर्ड ऑफ ओरल इम्प्लांटॉलॉजी हे खरंखुरं सर्टिफिकेशन बोर्ड आहे. त्याची लेखी परीक्षा असते, तोंडी आणि केसेसवरची परीक्षा असते, आणि पास झालेल्याला डिप्लोमेट म्हणतात. जाहिरातीत 'स्पेशालिस्ट' लिहायचं की नाही, हे मात्र तुमच्या राज्याचं डेंटल बोर्ड ठरवतं. टेक्ससमध्ये असोसिएशनच्या यादीबाहेरच्यांना तो शब्द वापरायला बंदी होती. त्याविरुद्ध अमेरिकन अकॅडमी ऑफ इम्प्लांट डेंटिस्ट्री आणि इतर तीन संघटना कोर्टात गेल्या, आणि २०१७ साली फिफ्थ सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या कक्षेत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टानं त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये त्या इतर तीन संघटनांच्या शाखा, म्हणजे डेंटल ॲनेस्थेशिया, ओरल मेडिसिन आणि ओरोफेशियल पेन, असोसिएशनच्या यादीत आल्या. इम्प्लांट अजून बाहेरच आहे. त्यामुळे पाटीवर किंवा वेबसाइटवर काही लिहिण्याआधी आपल्या राज्याचा जाहिरातीचा नियम शब्दन् शब्द वाचा. आणि हे सर्टिफिकेशन म्हणजे लायसन्स नव्हे, ही गोष्ट भारतातून बीडीएस करून आलेल्या मित्रांसाठी मुद्दाम लिहितो. लायसन्सचा रस्ता वेगळा आहे आणि तो आधी पार करावा लागतो.

नावांचा घोळही लक्षात ठेवा. इंटरनॅशनल काँग्रेस ऑफ ओरल इम्प्लांटॉलॉजिस्ट्स ही संघटनाही 'डिप्लोमेट' पदवी देते. दोन्ही पदव्यांना आपापलं स्थान आहे, पण त्या एक नाहीत. पेशंटला त्यातला फरक समजणार नाही, म्हणून तो सांगायची जबाबदारी आपलीच.

आता तयारीकडे येतो. बोर्डाच्या साइटवरून चालू वर्षाची अर्जदारांसाठीची पुस्तिका उतरवा आणि छापून घ्या. मित्राची दोन वर्षांपूर्वीची प्रत चालणार नाही. शिक्षणाचे तास, केसेसची संख्या, कुठल्या प्रकारच्या केसेस, किती काळाचा फॉलोअप, हे सगळं त्यात असतं आणि ते बदलत राहतं. मग कंटिन्यूइंग एज्युकेशनची सर्टिफिकेटं गोळा करा. प्रत्येकावर तारीख, तास, विषय आणि कोर्स देणाऱ्या संस्थेचं नाव आहे का ते बघा. सर्टिफिकेट हरवलं असेल तर आत्ताच मागवा, कारण छोट्या कोर्सवाल्या संस्था बंद पडतात आणि त्यांचा फोनही लागत नाही.

थेट बोर्डाकडे जाण्याआधी मी अमेरिकन अकॅडमी ऑफ इम्प्लांट डेंटिस्ट्रीची असोसिएट फेलो परीक्षा दिली. तिच्यासाठी इम्प्लांट विषयातले ३०० तास लागतात, आणि अकॅडमीचे मॅक्सीकोर्स नावाचे लांबलचक कोर्स त्याच हिशेबानं आखलेले आहेत. तीही लेखी आणि केसेसवरची अशी दोन भागांत होते. आपली केस परक्या माणसापुढे मांडायची सवय मला तिथे लागली. तुमच्याकडे वेळ असेल तर मी हाच क्रम सुचवेन. शंभर इम्प्लांट बसवणं वेगळं आणि त्यातल्या एकाबद्दल वीस मिनिटं उभं राहून बोलणं वेगळं, हे तिथेच कळतं.

आता केसेसबद्दल. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण अर्ज अडतात ते इथेच.

माझी एक केस होती, अमेरिकन पद्धतीच्या नंबरांत ३० नंबर, म्हणजे खालची उजवी पहिली दाढ. हाड उत्तम, पेशंट निरोगी, कॅप बसवल्यावर हिरडी अशी लागली होती की फोटो पाहून समाधान वाटावं. अर्जात पहिली केस हीच, असं मी ठरवून टाकलं होतं. मग एका रविवारी सगळे एक्स-रे एकापुढे एक लावले. एक वर्षानंतरच्या फिल्ममध्ये हाडाची कड इम्प्लांटच्या मानेपासून साधारण एक मिलिमीटर खाली दिसत होती. यात घाबरण्यासारखं काही नसावं, पण आधी ती कड कुठे होती? म्हणून कॅप बसवलेल्या दिवशीचा एक्स-रे उघडला. त्यात ट्यूबचा कोन चुकला होता. इम्प्लांटचे आटे एकमेकांवर चढून धूसर झाले होते, आणि हाड नेमकं कुठल्या आट्यापाशी आहे ते मोजताच येत नव्हतं. हाड पहिल्या दिवसापासून तिथेच होतं की वर्षभरात खाली गेलं, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. ती केस मी बाजूला ठेवली. त्या दिवशी होल्डर नीट धरून आणखी एक एक्स-रे काढला असता तर मिनिटभरही लागलं नसतं.

हे एवढं महत्त्वाचं का, तर यशाची व्याख्याच हाडाच्या पातळीवर उभी आहे. आल्ब्रेक्टसन, झार्ब आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली जे निकष मांडले ते आजही संभाषणाची पायाभाषा आहेत: इम्प्लांट हलता कामा नये, एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी कडा दिसता कामा नये, वेदना किंवा बधिरपणा राहता कामा नये, आणि पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. ०.२ मिलिमीटर! एवढा बारीक फरक धूसर फिल्मवर मोजायचं म्हटलं तर कुणीही मोजू शकणार नाही. प्रोबिंगचंही, म्हणजे हिरडीच्या खाचेची खोली मोजण्याचंही, तसंच. कॅप बसवल्यावर पहिली खोली नोंदवलेली नसेल तर दोन वर्षांनी ५ मिलिमीटर आलं, त्याचा अर्थ काय लावणार?

म्हणून मी आता प्रत्येक इम्प्लांटच्या वेळी हे करतो. पेशंट अर्जात येणार की नाही याचा विचारच करत नाही. उपचाराआधी दोन्ही जबड्यांचे फोटो, चावा मिटलेला आणि उघडलेला, मॉडेल किंवा स्कॅन, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन). सर्जरीच्या दिवशी फ्लॅप, म्हणजे हिरडी, उघडल्यावर एक फोटो, ड्रिलची दिशा दाखवणारी पिन लावून एक एक्स-रे, इम्प्लांट बसल्यावर एक. टॉर्क, म्हणजे इम्प्लांट घट्ट बसवताना लागलेला पीळ, किती आला तो आकडा त्याच वेळी चार्टमध्ये, आठवणीवर नाही. इम्प्लांटचा लॉट नंबर असलेलं स्टिकर चिकटवून ठेवायचं. ग्राफ्ट (हाडाची भर) घातला असेल तर कुठला, किती, त्यावरचं मेंब्रेन (पडदा) कुठलं. अबटमेंट (इम्प्लांट आणि कॅप जोडणारा भाग) पूर्ण बसलं का हे दाखवणारा एक्स-रे, कॅपच्या दिवशीचा एक्स-रे, मग दर वर्षी एक, आणि सगळे समांतर पद्धतीनं, म्हणजे दोन्ही बाजूंचे आटे करवतीच्या दातांसारखे स्पष्ट दिसले पाहिजेत. आटे दिसले नाहीत तर फिल्म पुन्हा काढायची, हे माझ्या असिस्टंटला आता मला सांगावं लागत नाही.

कॅप दुसऱ्या डॉक्टरनं बसवली असेल किंवा सर्जरी दुसऱ्यानं केली असेल तर ते केसच्या पहिल्याच ओळीत लिहा. लपवलं आणि प्रश्नोत्तरात बाहेर आलं तर पुढच्या प्रत्येक उत्तरावर संशय येतो.

आणि पेशंटची ओळख. हिपा या पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेच्या अमेरिकन कायद्याखाली पूर्ण चेहऱ्याचा फोटोसुद्धा ओळखीच्या माहितीत मोडतो. नाव पुसलं म्हणजे झालं असं वाटतं, पण पॅनोरामिक फिल्मच्या कोपऱ्यात नाव छापलेलं असतं, आणि सीबीसीटीच्या डायकॉम फाइलच्या आतल्या माहितीत नाव आणि जन्मतारीख दोन्ही बसलेली असतात. पडद्यावर दिसली नाहीत तरी फाइलबरोबर जातात. प्रत्येक फाइल नाव काढून निर्यात करा, मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून तपासा. लेखी संमती मात्र उपचाराच्या वेळीच घेऊन ठेवा. चार वर्षांनी पेशंट दुसऱ्या राज्यात गेलेला असतो.

कुठल्या केसेस निवडायच्या? पुस्तिकेत प्रकार दिलेले असतील त्यात बसणाऱ्या, हे झालंच. पण त्यातल्या त्यात सगळ्यात देखण्या केसेस घेऊ नका. ज्यात तुम्हाला निर्णय घ्यावा लागला त्या घ्या. तोंडी परीक्षेत पुन्हा पुन्हा एकच शब्द येतो: का. इथे ग्राफ्ट का केला? का नाही केला? लगेच लोड का केलं, म्हणजे त्यावर लगेच दात का बसवला? दोन इम्प्लांटमध्ये ३ मिलिमीटर अंतर का राखलं? शेजारच्या दातापासून दीड मिलिमीटर का? 'कोर्समध्ये असं शिकवलं' हे उत्तर तिथे चालत नाही. दोन इम्प्लांटच्या मधल्या हाडाला बाजूची झीज दोन्हीकडून खाते, अंतर कमी असेल तर मधला उंचवटा खचतो आणि त्याबरोबर हिरडीची टोकंही खाली जातात, अशी पायरीपायरीनं कारणं देता आली पाहिजेत.

मी एक अशी केसही तयार करून नेली होती जिच्यात इम्प्लांट बसलाच नाही. पेशंट सिगरेट ओढणारा, ओढणं सोडल्याचं सांगितलेलं, मी ते तपासलं नाही, आणि तीन महिन्यांत इम्प्लांट हलायला लागला. तो काढला, जागा भरू दिली, सिगरेट खरोखर सुटल्यानंतर पुन्हा बसवला. माझी चूक कुठे झाली आणि दुसऱ्या वेळी मी काय वेगळं केलं, हे मी सरळ सांगितलं. त्यानंतरची प्रश्नोत्तरं मला सगळ्या परीक्षेतली सर्वांत मोकळी वाटली.

लेखी परीक्षेबद्दल कमी लिहितो, कारण तिचा अभ्यास पुस्तकांतून होतो. फक्त दोन गोष्टींकडे जनरल डेंटिस्टचं दुर्लक्ष होतं. एक, शरीररचना. खालच्या पुढच्या भागात जिभेकडच्या बाजूनं हाडाला भोक पडलं तर तिथल्या धमनीतून तोंडाच्या तळाशी रक्त साचून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. पुढच्या भागातली सर्जरी सोपी समजणाऱ्यानं हे आधी वाचावं. मेंटल नर्व्हचा (हनुवटीकडे जाणाऱ्या नसेचा) पुढे वळणारा लूप, खालच्या नर्व्हपासून २ मिलिमीटरचं अंतर, सायनसच्या भिंतीतली रक्तवाहिनी, हे सगळं चित्र काढून शिका. दोन, पेशंटची औषधं. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब ही हाडाची झीज रोखणारी औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा) किती असताना थांबायचं, रेडिएशन झालेला जबडा. आणि हाड तापण्याचं गणित: ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट गेलं की हाडाला इजा होते, हे १९८३ च्या संशोधनातून आलेलं. सलाइनचा पुरवठा आणि धारदार ड्रिल यावर आपण इतका भर का देतो, ते त्यातून कळतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. या शाखेला एकच घर नाही, कारण ती पहिल्यापासून सगळ्यांची होती. अकॅडमी १९५१ मध्ये सुरू झाली, ब्रोनेमार्क यांनी पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले १९६५ मध्ये, आणि तेव्हापासून सर्जन, पेरिओ, प्रोस्थो आणि आपण सगळेच ते बसवतो. जनरल डेंटिस्टला बोर्डापर्यंत जाता येतं ते यामुळेच. म्हणूनच मला वाटतं की आपण तिथे जावं, आणि रेकॉर्डच्या बाबतीत कुणालाही बोट दाखवायला जागा राहू नये इतकं नीट जावं.

तुमच्या शंभर इम्प्लांटपैकी या आठवड्यात दहाच निवडा. प्रत्येकाचा उपचाराआधीचा फोटो, इम्प्लांट बसवलेल्या दिवसाची फिल्म, कॅपच्या दिवसाची फिल्म आणि एक वर्षाची फिल्म एका रांगेत लावा. चारही पूर्ण असलेल्या, आटे स्पष्ट दिसणाऱ्या किती निघतात तेवढं मोजा आणि इथेच उत्तराखाली कळवा. पाचपेक्षा जास्त निघाल्या तर पुढच्या वर्षाच्या मुदतीचं बोलू. कमी निघाल्या तर कुठल्या जुन्या पेशंटला फॉलोअपसाठी आधी बोलवायचं, ते केसनिहाय मी सांगेन.