‘संदिग्ध’ म्हणजे नेमकं काय? ‘मोघम’ आणि ‘अनेकार्थी’ यांहून वेगळं कसं?

एका वाक्याचे दोन अर्थ निघतात, दोन्ही बसतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात कुठला होता ते कळायला मार्ग नसतो, तेव्हा ते वाक्य संदिग्ध.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या आज्जाच्या वाटणीच्या कागदात एक ओळ होती : ‘धाकट्याकडे विहीर आणि वाट निम्मी.’ निम्मी काय? नुसती वाट, की विहीरसुद्धा? धाकटे चुलते म्हणायचे, विहीर पुरी आमची. वडील म्हणायचे, दोन्ही निम्म्या. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. त्या ओळीपायी दोन घरांचं बोलणं बंद झालं, म्हणून या शब्दावर लिहावंसं वाटलं.

त्याच कागदात पुढं होतं, ‘पाणी गरजेपुरतं घ्यावं.’ हे मोघम. अर्थ एकच आहे, पण गरज म्हणजे किती, त्याला माप नाही.

अनेकार्थी असतो तो शब्द. ‘अंक’ म्हणजे आकडा, मांडी आणि नाटकाचा भागही. पण ‘दुसऱ्या अंकात पडदा अडकला’ म्हटल्यावर मांडी कुणाच्या मनात येत नाही, म्हणजे वाक्य संदिग्ध नाही. दोन अर्थ मुद्दाम साधले तर श्लेष. ‘द्व्यर्थी’ मात्र जपून वापरा, चावट बोलण्यालाच तो आता चिकटलाय.

मूळ धातू संस्कृत ‘दिह्’, म्हणजे माखणं, लिंपणं. ‘संदेह’ही त्यातलाच. म्हणून ‘संधिग्ध’ लिहू नका, संधीशी त्याचं नातं नाही.

आमच्या सीमाभागात आणखी एक घोळ आहे. कन्नडातही ‘संदिग्ध’ आहे, पण तिथं तो पेच, कोंडी या अर्थानंही चालतो. त्यामुळं बेळगावात ‘मी संदिग्धात सापडलो’ असं मराठी कानावर येतं. मराठीत पेचात सापडतात. ‘अनुमान’चंही तसंच : मराठीत तर्क, कन्नडात संशय. आणि हिंदीवरून आलेलं ‘संदिग्ध व्यक्ती’ तर सोडूनच द्या, आपल्याकडं चांगला ‘संशयित’ आहे.

पुढं तडजोड झाली. नव्या कागदातली ओळ मीच सांगितली : ‘विहीर निम्मी आणि वाटही निम्मी.’ अशा वाक्याला निःसंदिग्ध म्हणतात.