पिअर्सन ३० मधलं जुनं अ‍ॅटॉमिक फोर काढून डिझेल इंजिन बसवताना काय काय बदलावं लागतं?

तुमची शिडाची बोट १९७४ ची पिअर्सन ३०, मुक्काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात, आणि मूळचं अ‍ॅटॉमिक फोर पेट्रोल इंजिन ब्लॉक आतून गंजल्यामुळे कामातून गेलंय. तेवढ्याच ३० अश्वशक्तीचं डिझेल घ्यावं का आणि ते जुन्याच जागी सरळ बसेल का, हे तुम्ही विचारलंय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असं आहे. दुसऱ्याकडे जास्त लक्ष द्या, कारण पैसा आणि वेळ तिथे जातो. आसपासचं सगळं बदलायला लागणारा खर्च इंजिनाच्या किमतीच्या जवळपास जाईल असं धरून चाला.

आधी ताकद. अ‍ॅटॉमिक फोरचा पंखा (प्रोपेलर) बहुतेक बोटींत इंजिनाला थेट जोडलेला, गिअरची घट नाही. छोटा पंखा, जोरात फिरणारा, आणि इंजिन पूर्ण फेऱ्यांपर्यंत क्वचितच पोचणारं. कागदावरचे ३० अश्व पाण्यापर्यंत कधी गेलेच नाहीत. पिअर्सन ३० चं वजन ८,३२० पौंड, म्हणजे सुमारे ३,७७० किलो. दर ५०० पौंडांमागे १ अश्वशक्ती या जुन्या हिशेबाने १७ पुरेत. उपसागरातल्या आखूड, उभ्या लाटा आणि समोरचा वारा धरून २० घ्या. यानमार ३वायएम२० किंवा कुबोटाच्या ब्लॉकवर बांधलेलं बीटा २० ही दोन्ही इंजिनं या बोटीला योग्य आहेत. ३० चं घेतलंत तर ते आयुष्यभर कमी भारावर चालेल, आणि डिझेलला ते मानवत नाही. सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, तेल जळू लागतं.

ऑर्डर देण्याआधी जुनं इंजिन बाहेर काढा. टाकीतलं पेट्रोल आधी उपसा, बॅटरी सोडवा आणि तळात हवा खेळती ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. अल्टरनेटर, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड सुटे केले की वजन बरंच उतरतं. उरलेलं धूड चेन ब्लॉकने (साखळीच्या कप्पीने) उचला. शिडाच्या आडव्या दांड्यावरून उचलणार असाल तर जिथे चेन बांधाल नेमकं तिथेच वरून मुख्य शीड चढवायच्या दोराचा (हॅलयार्डचा) आधार द्या. दांडा मधोमध वाकायला केला गेलेला नसतो.

आता शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, रेषा. सगळं काम या एका रेषेवर उभं आहे. शाफ्ट काढून त्याच्या नळीच्या बरोबर मध्यातून पातळ तार ओवा, पुढच्या आडभिंतीपर्यंत ताणून बांधा. तारेपासून इंजिनाच्या बैठकीपर्यंतची उंची, दोन बैठकींमधलं अंतर आणि तारेचा उतार मोजा. मग कंपनीच्या नकाशावरून प्लायवूडचा सांगाडा करा. त्यात माउंटचे (इंजिन ज्यांवर टेकतं त्या आधारांचे) पाय, गिअरबॉक्सची चकती, ऑइल फिल्टर, हीट एक्स्चेंजर, एक्झॉस्टचा कोपर सगळं यायला हवं. तो तारेवर बसवून पाहा. नव्या गिअरबॉक्समध्ये शाफ्टची जोडणी क्रँकशाफ्टच्या खाली येते, त्यामुळे डिझेल जुन्यापेक्षा वर बसतं आणि पायांची रुंदीही वेगळी पडते. जिन्याखालच्या पेटीत ते मावतं का, समोरून पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) काढता येतो का, हे प्लायवूड असतानाच कळलेलं बरं. उतार कंपनीने दिलेल्या कमाल कोनाच्या आत आहे ना, तेही तेव्हाच बघा.

बैठका बहुधा फायबरग्लासने गुंडाळलेल्या लाकडाच्या असतात. जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी आणि तेल मुरून आतलं लाकूड कुजलेलं सापडतं. बारीक ड्रिलने चार ठिकाणी भोक पाडा. भुसा ओला, काळा आला तर वरची साल कापून लाकूड बदला. फायबरग्लास लावण्याआधी जुना पृष्ठभाग मेणविरहित होईपर्यंत सॉल्व्हंटने पुसा, मग ४० ग्रिटच्या पॉलिश पेपरने घासा. हा क्रम उलटा झाला तर मेण ओरखड्यांत दाबलं जातं आणि नवा थर सुटून येतो. इपॉक्सी आणि बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) काचतंतूंच्या कापडाचे थर द्या. प्रत्येक थर वाळल्यावर पृष्ठभागावर येणारा चिकट पापुद्रा पाण्याने धुऊन काढा. माउंट लाकडात नुसत्या स्क्रूंनी धरू नका, ते ढिले होतात. बैठकीत आटे पाडलेली धातूची पट्टी बसवा किंवा बाजूने आरपार बोल्ट घातलेला अँगल लावा. अ‍ॅटॉमिक फोर सहसा थेट बैठकीला आवळलेलं असतं. डिझेल रबरी माउंटवर हलतं, म्हणून एक्झॉस्ट, इंधन आणि पाण्याच्या सगळ्या जोडण्यांत थोडी सैल लवचीकता ठेवा.

डिझेलला परतीची नळी लागते. इंजेक्टरमधून उरलेलं इंधन टाकीत परत जातं, त्यासाठी टाकीवर आणखी एक तोंड हवं. टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असेल तर ती वापरू नका, डिझेल आणि जस्ताचं जमत नाही. नळ्या सगळ्या नव्या घ्या. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये, हात पोचेल अशा जागी बसवा. जाळी १० किंवा ३० मायक्रॉनची चालेल, बारीक गाळणी इंजिनावर असतेच.

एक्झॉस्टमध्ये कंजूषी केलीत तर नवं इंजिन पाण्याने भरून मरेल, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतोय. जुना पाइप अरुंद असतो. नव्याला बहुधा ५१ मिमीचा लागतो. वॉटरलिफ्ट मफलर (एक्झॉस्टमधलं पाणी साठवून धुरासोबत बाहेर ढकलणारा डबा) इंजिनाच्या खाली आणि जवळ ठेवा. इंजिन बंद केल्यावर नळीतून मागे येणारं सगळं पाणी त्यात मावलं पाहिजे. एक्झॉस्टमध्ये थंड करणारं पाणी मिसळण्याची जागा जलरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल तर सायफन तोडणारा व्हेंटेड लूप (वर हवेचं छिद्र असलेलं नळीचं उलटं वळण) हवाच. तो बोटीच्या मध्यरेषेजवळ आणि पुरेसा उंच हवा, नाहीतर बोट कलल्यावर तो पाण्याखाली जातो. पाणी घेणाऱ्या छिद्रावर पुढे तोंड केलेलं झाकण नको. शिडावर जाताना पाणी जोराने पंपातून आत घुसतं आणि मफलर भरतो. इंजिन लवकर सुरू होत नसेल तर स्टार्टर फिरवत राहताना समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि इंजिन पकडलं की लगेच उघडा. तो जुना पितळी गेट व्हॉल्व्ह असेल तर बोट बाहेर असतानाच ब्राँझचा सीकॉक (तळाच्या छिद्रावरचा बंद करता येणारा नळ) बसवा.

विजेचं थोडक्यात: अल्टरनेटरचा सगळा प्रवाह जुन्या पॅनेलमधल्या अ‍ॅमीटरमधून नेणारी तार कापून टाका, तिथे व्होल्टमीटर लावा. नव्या अल्टरनेटरच्या भाराने ती तार पेटू शकते.

पंखा बदलावाच लागेल. अ‍ॅटॉमिक फोरचा पंखा डावीकडे फिरणारा असतो, या दोन्ही डिझेलना उजवीकडे फिरणारा लागतो. पिचचा, म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात पुढे जाईल त्या अंतराचा, अंदाज असा काढा: २५ फूट जलरेषेला कमाल वेग साधारण ६.७ नॉट. इंजिन मिनिटाला ३,६०० फेरे, गिअरची घट २.६२ पट, म्हणजे पंखा १,३७४ फेरे. या वेगाला दर फेऱ्यात बोट ५.९ इंच पुढे जाते. जड शिडाच्या बोटीत घसरण ४५ टक्क्यांच्या आसपास धरली तर पिच १०-११ इंच येते. व्यास शक्य तितका मोठा ठेवा, पण पात्याच्या टोकापासून तळापर्यंत व्यासाच्या किमान १० टक्के जागा सोडा. शाफ्ट बाहेर आहेच, तर कटलेस बेअरिंगही (शाफ्टला पाण्यात आधार देणारं रबरी बेअरिंग) बदलून घ्या.

अंतिम अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) बोट पाण्यात उतरल्यावर, दोन-चार दिवस बसू दिल्यावर आणि डोलकाठीच्या तारा ताणल्यावरच करा. जमिनीवर टेकलेला फायबरग्लासचा तळ आणि पाण्यात तरंगणारा तळ यांचा आकार वेगळा असतो. जोडणीच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. चकतीच्या व्यासाच्या दर इंचाला ०.००१ इंच इतकाच फरक चालतो. ४ इंची चकतीला ०.००४ इंच, म्हणजे ०.१ मिमी. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. चूक शाफ्टबरोबर फिरली तर दोष चकतीत किंवा वाकलेल्या शाफ्टमध्ये आहे, आणि माउंट कितीही खालीवर केलेत तरी ती जाणार नाही.

तळ स्वच्छ असताना पूर्ण थ्रॉटलला भाराखाली ३,६०० फेरे यायला हवेत. ३,१०० वरच अडकून काळा धूर येत असेल तर पिच जास्त आहे. एक इंच कमी केल्याने साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. पहिल्या ५० तासांत भार बदलता ठेवा, नुसतं धक्क्याला बांधून बॅटरी भरायला चालवू नका. ५० तासांना तेल, फिल्टर आणि अलाइनमेंट तिन्ही पुन्हा बघा, रबरी माउंट तोपर्यंत थोडे दबलेले असतात.